पाठीवर १८ : रत्नागिरीतली स्ट्रायकर बॅच, फी वसूल होते का?

मे महिन्यात रत्नागिरीत क्रिकेटच्या बॅच पैशाला पासरी. फुटबॉलच्या दोन-तीन निघतात, आणि फक्त स्ट्रायकर, म्हणजे गोल मारणारा पुढचा गडी, घडवायचा म्हणून काढलेली आमच्या पाहण्यातली ही एकच. तीन आठवडे. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते आठ टर्फवर, रविवारी सहा ते साडेआठ सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, मैदानात. वय १३ ते १७, मुलं १६, सर एक, मदतनीस एक, फी ३,५०० रुपये. फीमध्ये एक बिब, म्हणजे शर्टावरून घालायचं बिनबाह्यांचं बनियन, मिळतं आणि बिबच्या पाठीवर १८ आकडा. सोळाच्या सोळा पोरांच्या पाठीवर १८. त्यामुळे पहिल्या दिवशी ‘अठराला दे, अठराला दे’ अशी जी ओरड झाली ती ऐकण्यासारखी होती. दुसऱ्या दिवशी सरांनी आठ बिब उलटी घालायला लावली.

हा १८ म्हणजे ह्वांग सन-होंग. ह्वांग हे आडनाव; कोरियात ते आधी येतं. दक्षिण कोरियासाठी १०३ सामने, ५० गोल, १९९० ते २००२ अशा चार वर्ल्डकपच्या संघांत जागा, आणि बूट ठेवल्यावर कोच. अख्खी बॅच या एका माणसाच्या कारकिर्दीवर बेतली आहे. आजचा कोरियन स्टार सोन ह्युंग-मिन सोडून हा कोण, असं पोरं विचारतातच. सरांचं उत्तर आम्हाला पटलं: सोनचा वेग तीन आठवड्यांत कुणाच्या पायात घालता येत नाही, ह्वांग कुठे उभा राहायचा ते शिकवता येतं. शिवाय जे पायाने केलं ते पुढे दुसऱ्यांकडून करून घेण्यात या माणसाची वीसेक वर्षं गेली आहेत, म्हणजे शिकवण्याजोगा मालही भरपूर.

पहिला आठवडा एकाच गोलवर जातो. ४ जून २००२, बुसान, कोरिया विरुद्ध पोलंड. २६व्या मिनिटाला डावीकडून ली उल-योंगने चेंडू आत टाकला आणि ह्वांगने तो न थांबवता डाव्या पायाने मारला. गोलमध्ये येझी दुदेक होता. पुढे यू सांग-चुलने दुसरा गोल केला, २-० झालं, आणि १९५४ पासून वर्ल्डकपला जाणाऱ्या कोरियाने तिथला पहिला विजय घेतला. सर ही क्लिप मोबाइलवर दाखवतात, पण स्क्रीनचा डावा भाग तळहाताने झाकून. पासर दिसत नाही, चेंडू दिसत नाही. दिसतो तो पेनल्टी एरियातला ह्वांग, बचावपटूपासून सुटून जवळच्या बाजूला सरकणारा. चार वेळा अशी दाखवली की पाचव्यांदा हात काढतात. या एका युक्तीसाठी सरांना पूर्ण गुण. पोरांची नजर जन्मजात चेंडूला चिकटलेली असते, ती सोडवायला याहून स्वस्त साधन आम्हाला माहीत नाही.

मग ड्रिल. रंगाच्या रिकाम्या बादलीत सिमेंट ओतून उभा केलेला पीव्हीसी पाइप, हा बचावपटू. पासर डावीकडच्या जाळीपाशी. स्ट्रायकर पाइपच्या मागे हातभर अंतरावर उभा राहतो, आधी लांबच्या खांबाकडे दोन पावलं टाकतो, म्हणजे बचावपटूला वाटावं की हा मागे निघाला. पासरचं डोकं चेंडूकडे खाली गेलं की बाहेरचा पाय रोवायचा आणि पाइपच्या पुढून आत यायचं. डोकं खाली जाणं हीच खूण, कारण त्या क्षणापासून पासरचा विचार बदलत नाही. सहा चेंडू, मग दीड मिनिट विश्रांती, असे चार फेरे.

मारण्याची तालीमही नीट बांधलेली आहे. टेकूचा पाय चेंडूच्या बाजूला वीतभर अंतरावर, मागे नाही. घोटा ताठ, अंगठा जमिनीकडे, गुडघा चेंडूच्या वर, पाय फिरवून झाल्यावर लगेच खाली. चुका तीनच होतात आणि सोळाही जणांच्या होतात. अंग मागे गेलं की चेंडू थेट छताच्या जाळीत. मांडीपासून मोठा झोका घेतला की पाय उशिरा पोचतो आणि चेंडू नडगीला लागतो. तिसरी चूक सगळ्यांत महागडी: पोरगा आधीच पळून जातो आणि चेंडू येईपर्यंत पुतळ्यासारखा उभा. त्यावर सरांचा ठरलेला ओरडा आहे, ‘लवकर गेलास तर वाट बघत बसशील, मेल्या!’ पहिल्या दिवशी वीस मिनिटांत तो नऊ वेळा ऐकू आला, शुक्रवारी दोनदा. बॅचमध्ये काही शिकवलं जातंय की नाही ते मोजायला एवढं पुरे.

आता अडचण कुठे आहे ते. टर्फ आहे पाच-पाचाचं, रुंदी जेमतेम १८ मीटर. पूर्ण मैदान ६८ मीटर रुंद असलं तर बाजूच्या रेषेपासून गोलच्या मधोमध ३४ मीटर होतात. तिथून चेंडू आत यायला दीड-दोन सेकंद सहज लागतात. त्या वेळात खोटी दोन पावलं, वळण, धाव, सगळं बसतं. टर्फवर पासर नऊ मीटरवर. जोरात टाकला तर चेंडू पाऊण सेकंदात पोचतो आणि पोरगा अजून खोट्या पावलातच असतो. हळू टाकला तर व्हॉली, म्हणजे चेंडू जमिनीला टेकायच्या आत, मारण्यात अर्थ उरत नाही. सर त्यावर पासरला चेंडू उचलून टाकायला सांगतात. वेळ मिळतो, पण मग तो खालून आलेला चेंडू राहत नाही, आणि शिकवायचा तर तोच होता. म्हणजे जी गोष्ट या बॅचचं खरं भांडवल आहे, ती टर्फवर निम्मीच शिकता येते.

ती पूर्ण होते रविवारी, सड्यावर. मैदान जांभ्याचं, अधूनमधून कातळ वर आलेला, गवत म्हणाल तर पावसाळ्यातच. पण रुंदी आहे. पहिल्या रविवारी टर्फवर शिकलेली पोरं एकजात लवकर पळत होती. दुसऱ्या रविवारी चार-पाच जणांना थांबणं जमलं. तिसऱ्या रविवारी एका डावखुऱ्या मुलाने ३० मीटरवरून आलेला चेंडू पाइपच्या पुढून येऊन असा मारला की मदतनीस टाळ्या वाजवत बसला आणि चेंडू मागच्या काजूच्या बागेत गेला. तो शोधण्यात दहा मिनिटं गेली. गोलला जाळी नाही. ३,५०० रुपयांत दोन जाळ्या बसायला हव्यात.

सड्यावर खेळताना दोन गोष्टी सरांनी अचूक सांभाळल्या. चांगले पीयूचे (पॉलियुरेथेनचे) चेंडू तिथे नेत नाहीत, कारण जांभ्याची खर दोन सकाळींत वरचा थर सोलून काढते. रबरी चेंडू वापरतात. आणि हवा कमी ठेवतात. नियमात ०.६ ते १.१ ॲटमॉस्फियर चालते, म्हणजे अंदाजे ८.५ ते १५.६ पीएसआय. टर्फवर ११, सड्यावर ९. कातळावर टणक चेंडू गुडघ्याच्या वर उसळतो आणि कोणत्या दिशेला ते देवालाच ठाऊक. पंपाची सुई ग्लिसरीनमध्ये बुडवूनच घालतात. कोरडी सुई घातली की व्हॉल्व्हचं रबर फाटतं आणि चेंडू रोज सकाळी मऊ मिळतो. हे कुणाला सांगावं लागलं नाही याचं कौतुक वाटलं.

दुसरा आठवडा मात्र घसरला. विषय होता ‘आठ गोल’. हिरोशिमाच्या १९९४ च्या एशियन गेम्समध्ये कोरियाने नेपाळला ११-० हरवलं, त्यात ह्वांगचे एकट्याचे आठ. त्यावरून सरांनी खेळ काढला: प्रत्येकाने दीड तासात आठ गोल मारायचे, आधी पूर्ण करील तो जिंकला. व्हायचं तेच झालं. पोरं गोलच्या तोंडाशी ठिय्या देऊन बसली, पास बंद झाले, पहिल्या आठवड्यात शिकलेली पावलं कुठल्या कुठे गेली. सोळा जणांना चेंडू दहा, त्यामुळे सहा जण कायम रांगेत.

त्यात पोरांना वाटलेल्या कागदावर लिहिलं होतं की त्या स्पर्धेत ह्वांगने सुवर्ण जिंकलं. साफ चूक. कोरिया उपांत्य सामन्यात उझबेकिस्तानकडून ०-१ हरला आणि पदकाशिवाय परतला. सुवर्ण आलं ते कोच म्हणून, हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये, ७ ऑक्टोबर २०२३ रोजी. अंतिम सामन्यात जपानने दुसऱ्याच मिनिटाला गोल केला होता, कोरियाने २-१ ने सामना फिरवला. सात सामन्यांत २७ गोल, खाल्ले फक्त तीन. एकाने आठ मारले तेव्हा पदक नाही आणि कोच होऊन २७ गोल संघात वाटले तेव्हा सुवर्ण, हे पोरांना सांगायला यापेक्षा चांगली संधी कुठली होती? ती हातची गेली. याच आठवड्यात १९९४ च्या वर्ल्डकपमधला बोलिव्हियाचा सामनाही दाखवता आला असता. ०-० सुटला, ह्वांगने संधी दवडल्या आणि मायदेशात त्याच्यावर टीकेची झोड उठली. त्याच स्पर्धेत जर्मनीविरुद्ध २-३ ने गेलेल्या सामन्यात त्याने गोलही केला. चुकल्यावर पुढच्या चेंडूला पुन्हा त्याच जागी जायचं, हा धडा तेरा वर्षांच्या मुलाला आठ गोलांपेक्षा जास्त लागतो.

तिसरा आठवडा सगळ्यांत भारी. विषय पोहांग स्टीलर्स हा कोरियन क्लब, २०१३. ह्वांग तिथे खेळाडू म्हणून गाजला होता आणि २०११ मध्ये कोच होऊन परत आला. २०१३ च्या हंगामात संघात एकही परदेशी खेळाडू नव्हता. के-लीगमध्ये, म्हणजे कोरियाच्या लीगमध्ये, गोल करायला ब्राझीलचा किंवा युरोपचा गडी आणायची रीत, आणि हा गावच्याच पोरांवर उभा. कोरियन लोकांनी त्याला टोपणनाव दिलं ‘ह्वांगसन देवोनगुन’, देशाची दारं परक्यांना बंद करणाऱ्या १९व्या शतकातल्या राज्यकर्त्याच्या नावावरून. आखूड पासच्या खेळाला नाव पडलं ‘स्टीलटाका’. शेवटच्या दिवशी, १ डिसेंबरला, लीग जिंकायला उल्सान या प्रतिस्पर्धी क्लबला त्यांच्याच मैदानावर बरोबरीसुद्धा पुरत होती. भरपाईच्या वेळेत पोहांगच्या किम वॉन-इल या बचावपटूने गोल केला, १-०, आणि लीग पोहांगची. एफए कप, कोरियातली बाद पद्धतीची स्पर्धा, आधीच खिशात. एकाच वर्षी दोन्ही घेणारा कोरियातला तो पहिला क्लब.

यातून सरांनी काढलेलं ड्रिल असं. चार-चार जण, चेंडूला दोनच स्पर्श, आणि स्ट्रायकरने गोलकडे तोंड करून चेंडू घ्यायचा नाही. खाली यायचं, पाठीवर पाइप ठेवून चेंडू एका स्पर्शात परत द्यायचा, आणि दिला त्याच्या उलट बाजूने निघायचं. मोकळ्या झालेल्या जागेत तिसरा गडी घुसतो. इथे लहान टर्फ अडचण राहत नाही, उलट मदतच करतं. जागा कमी असल्याने पहिला स्पर्श लांब गेला की चेंडू गेलाच. चूक कुठे होते? परत देताना पोरं तळवा वापरतात, चेंडू अडकतो. पायाची आतली बाजू, घोटा वर, आणि पास येण्याआधी एकदा खांद्यावरून मागे बघणं. सर मागे बोटं दाखवतात, स्ट्रायकरने चेंडू यायच्या आत किती बोटं ते ओरडायचं. बुधवारी कुणालाच आकडा सांगता येईना, शुक्रवारी निम्म्यांना येत होता.

टर्फच्या देखभालीबद्दल स्वतंत्र लिहायला हवं, कारण शेवटच्या आठवड्यात पाऊस आला. गवताच्या पात्यांमध्ये वाळू आणि रबराचे काळे दाणे असतात. कोकणातला पहिला सपाटा ते दाणे वाहून कोपऱ्यात नेतो. मधोमध पाती आडवी पडतात, वर कापलेल्या दरडीची लाल माती येऊन बसते, आणि त्यावर साबण चोळल्यासारखं घसरतं. उपाय साधा आहे: पाऊस थांबला की कडक ब्रश ओढून दाणे परत पसरायचे, दरडीच्या बाजूला जांभ्याची दोन फुटी आडभिंत घालायची. पहिलं दोनदा झालं, दुसरं झालेलं नाही. गोलचे पाइप वेल्डिंगच्या जोडांवर गंजलेले आहेत. खाऱ्या वाऱ्यात दरवर्षी घासून रेडऑक्साइड मारल्याशिवाय ते टिकत नाहीत. एका खांबाला सांध्यात पापुद्रा सुटला होता, तिथे गोलकीपरचा हात जातो.

बुटांच्या सूचनेत कागदावर फक्त ‘स्टड’ लिहिलंय. त्यामुळे सात मुलं गवताच्या मैदानाचे उंच स्टड घेऊन आली. टर्फवर ते रुततात, अंग वळतं आणि पाय तिथेच राहतो. गुडघा असाच जातो. टर्फला बारीक रबरी दाण्यांचे टीएफ बूट हवेत, आणि सड्यावरही तेच चालतात. गुडघ्याचं महत्त्व सांगायला ह्वांगचंच उदाहरण होतं. १९९८ च्या वर्ल्डकपच्या तोंडावर चीनविरुद्धच्या सराव सामन्यात तो जखमी झाला, संघासोबत फ्रान्सला गेला आणि एकही सामना न खेळता आला. सावरून पुढच्या वर्षी सेरेझो ओसाकाकडून २४ गोल करून जपानच्या लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला. हे वर्गात सांगितलं, पण बुटांशी जोडलं नाही.

प्रथमोपचाराची पेटी आहे. आत बर्फाचा स्प्रे, कापूस, आयोडीन. रुंद बँडेज नाही. अमेरिकेविरुद्ध डोकं फुटल्यावर पट्टी बांधून खेळणाऱ्या ह्वांगचा फोटो टर्फच्या ऑफिसात फ्रेम करून लावलाय, आणि त्याच्याच खाली पेटीत बँडेज नाही. शंभर रुपयांत काम होईल.

एक सकाळ भाट्याच्या किनाऱ्यावर असते. दिवस चांगला निवडला होता, उधाणाची भरती-ओहोटी, त्यामुळे ओहोटीला ओल्या टणक वाळूचा रुंद पट्टा मिळाला. अनवाणी पळणं तीस मिनिटांत आवरलं हेही बरोबर; त्यापुढे पोटऱ्या धरतात. नंतर चेंडू गोड्या पाण्याने धुतले. कांदाभजी मात्र आठच्या आत मिळत नाहीत.

पेनल्टी हा सगळ्यांत कच्चा भाग. शेवटच्या दिवशी, ज्याला हव्या त्याने मारायच्या. ह्वांगच्या कारकिर्दीवर बॅच काढायची आणि दोहा २०२४ विसरायचं? २३ वर्षांखालील आशियाई कपच्या उपांत्यपूर्व सामन्यात इंडोनेशियाशी २-२, कोरियाचा एक गडी बाहेर, खुद्द कोच ह्वांगलाही लाल कार्ड, आणि पेनल्टीत १०-११. हीच स्पर्धा ऑलिंपिकची पात्रता फेरी, त्यामुळे १९८८ पासून ऑलिंपिक फुटबॉलला एकदाही न चुकलेला कोरिया पॅरिसला गेला नाही. समोरचा कोचही कोरियन, शिन ते-योंग. बारा फेऱ्या झाल्या म्हणजे मैदानावरच्या प्रत्येकाला मारावी लागली, काहींना दोनदा. त्यामुळे ‘ज्याला हव्या त्याने’ चालत नाही. गोलकीपर धरून प्रत्येकाने रोज दोन, तेही दमल्यावर, सत्राच्या शेवटी. सोळा जणांच्या ३२ पेनल्टी दोन गोलवर वाटल्या तर दहा-बारा मिनिटांत होतात. शिवाय टर्फवरचा गोल ३ बाय २ मीटरचा, खरा ७.३२ बाय २.४४. अंतर ११ मीटरच ठेवून लहान गोलवर सराव केला की पोरं कोपरा शोधायचं सोडून मधोमध ठोकतात. पेनल्टी रविवारी सड्यावर घ्याव्यात.

फीचं म्हणाल तर १८ सत्रं, म्हणजे सत्राला १९५ रुपयांच्या आत. त्यातली तीन रविवारची आणि पोहांगच्या आठवड्याची पाच सत्रं एवढ्यासाठीच आम्ही मुलाचं नाव घाला म्हणू. पाचपैकी साडेतीन. ज्याने आधी कधी बॉलला पाय लावलेला नाही अशा मुलासाठी ही बॅच नाही. त्याला दुसऱ्या दिवशी कंटाळा येईल.

नाव घालताना तीन गोष्टी विचारा. चेंडू किती आणि त्यांतले पाच नंबरचे किती; मागच्या खेपेला दहापैकी तीन चेंडू चार नंबरचे होते, म्हणजे ३५० ते ३९० ग्रॅमचे, आणि त्यांवर बसवलेली व्हॉली ४१० ते ४५० ग्रॅमच्या चेंडूवर छताला जाते. रविवारचं सत्र पावसाने बुडालं तर बदली दिवस मिळतो का. या वेळी एक बुडालं असतं तर मिळाला नसता. आणि बिबचा आकार आधी सांगून ठेवा. एल संपलेत.